तालुक्याचा बातमीदार ऑनलाइन जातो तेव्हा नेमकं काय बदलतं?

जिल्हा दैनिकाच्या बातमीदाराचा दिवस पूर्वी ठरलेल्या वेळी संपायचा. लांबच्या तालुक्यांची डाक आवृत्ती आधी सुटायची, शहर आवृत्ती मध्यरात्रीनंतर. तालुक्याचा वार्ताहर दुपारीच बातम्यांचं पाकीट एसटीच्या कंडक्टरच्या हाती द्यायचा आणि जिल्ह्याच्या स्टँडवर कार्यालयातला माणूस ते उतरवून घ्यायचा. पुढे फॅक्स आला, मग ईमेल, मग व्हॉट्सअॅप. पाकिटाला लागणारे तास सेकंदांवर आले, पण कामाचा सांगाडा तोच राहिला: पान छापायला गेलं की बातमी संपली. चूक राहिली तर उद्या खुलासा, नवीन काही कळलं तर उद्या पाठपुरावा.

वेबसाइट, ब्लॉग, यूट्यूब आणि व्हॉट्सअॅप चॅनेल यांनी हा सांगाडाच मोडला. पत्रकारांच्या कार्यशाळांत मात्र मोबाइल आडवा धरायचा की उभा, कॉलर माइक कोणता घ्यायचा, यावरच वेळ जातो. तेवढं कुणालाही आठवड्याभरात जमतं. वीस वर्षं छापील पानासाठी लिहिलेल्या माणसाला जड जातं ते वेगळंच: ज्या गोष्टी पान त्याच्यासाठी न सांगता करत होतं, त्या आता त्याला स्वतः कराव्या लागतात. शिवाय त्याची सगळ्यात मोठी जमा, म्हणजे आपल्या तालुक्याची खडान्‌खडा माहिती, डिजिटलच्या हिशेबात बऱ्याचदा कमी भावाने मोजली जाते. या दोन अडचणी समजल्या की बाकीचं बरंच उलगडतं.

आधी फॉन्टचं प्रकरण

मराठी पत्रकार इंटरनेटवर उशिरा आले असं म्हणताना दोष सहसा त्यांच्या वयाला किंवा आळसाला दिला जातो. निम्मा दोष फॉन्टचा होता.

संगणकावर मराठी पानं लागू लागली ती श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम अशा सॉफ्टवेअरच्या जोरावर. त्यांच्या फॉन्टमध्ये एक युक्ती होती. इंग्रजी अक्षरांसाठी संगणकात ज्या जागा ठरलेल्या होत्या, त्याच जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. पडद्यावर आणि कागदावर मराठी दिसायची. संगणकाच्या लेखी मात्र तो इंग्रजी चिन्हांचा गोंधळ होता. त्यात प्रत्येक कंपनीची जागावाटणी वेगळी. छपाईला यातलं काहीच नडलं नाही, कारण आत काय साठवलंय याच्याशी कागदाला देणंघेणं नसतं. तोच मजकूर वेबसाइटवर टाकला की वाचकाला आधी फॉन्ट उतरवून घ्यावा लागायचा, नाहीतर समोर नुसती खिचडी. शोधयंत्राला तर हा मजकूर मराठी आहे हेच कळायचं नाही.

युनिकोडने, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना सगळीकडे एकच ठरलेली जागा देणाऱ्या पद्धतीने, हे सोडवलं. १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र विभाग मिळाला होता, पण सामान्य वाचकाच्या संगणकावर तो खऱ्या अर्थाने पोचला विंडोज २००० आणि एक्सपीच्या काळात. तरीही छापील पानं जुन्याच फॉन्टमध्ये लागत राहिली. पान लावणाऱ्यांचं लाडकं पेजमेकर शेवटपर्यंत युनिकोड देवनागरी शिकलंच नाही. त्यामुळे कितीतरी कार्यालयांत वर्षानुवर्षं मराठीचे दोन संसार चालले, एक छपाईचा आणि एक वेबचा, आणि मधे मजकूर पालटून देणारा कन्व्हर्टर.

हा कन्व्हर्टर कुठे अडखळतो तेही पाहण्यासारखं आहे. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप होते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचं उलट. तो दिसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, पण युनिकोडमध्ये साठवला जातो त्या अक्षराच्या आधी. कन्व्हर्टरने एक जरी अदलाबदल चुकवली तरी ‘वर्षा’ आणि ‘किरण’ ओळखू येत नाहीत. छापील अंकात नीट आलेलं नाव वेबसाइटवर तुटकं दिसलं तर उपसंपादकाला बोल लावण्याआधी हे आठवावं.

पैशाच्या बाजूनेही भाषा आडवी आली. ब्लॉगर ही सेवा १९९९ पासून फुकट उपलब्ध होती, पण ब्लॉगवर जाहिराती देणाऱ्या गूगलच्या अॅडसेन्सने हिंदीला मान्यता दिली डिसेंबर २०१४ मध्ये आणि मराठीला २०१८ मध्ये. मराठी ब्लॉगिंगचा पहिला बहर, ज्या काळात स्टार माझा वाहिनीने ‘ब्लॉग माझा’ स्पर्धाही घेतली होती, तो असा बिनपैशाचा गेला. पत्रकारांनी ब्लॉगला छंदाच्या खात्यात टाकलं ते त्यामुळेही.

‘येथील’ चालत नाही

छापील बातमी एकटी कधीच नसते. ती जिल्ह्याच्या पानावर असते, पानावर तारीख असते, बातमीच्या माथ्यावर गावाचं नाव असतं. म्हणून बातमीदार ‘येथील नगरपालिकेच्या सभेत काल’ अशी सुरुवात निर्धास्तपणे करतो. काही दैनिकं ‘मंगळवारी (ता. १२)’ असं लिहितात. महिना लिहायची गरज नसते, तो पानावर असतोच.

ऑनलाइन वाचक पानावर येत नाही, थेट बातमीवर येतो. गूगलवरून, कुणीतरी फॉरवर्ड केलेल्या लिंकवरून, आणि कधी कधी दोन वर्षांनी. त्याच्यासाठी ‘येथील’ म्हणजे कुठलं? ‘काल’ म्हणजे कधी? ‘पाण्यासाठी महिलांचा हंडा मोर्चा’ हा मथळा पानावर चोख आहे. एकट्या लिंकवर तो महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावाचा, कुठल्याही उन्हाळ्याचा असू शकतो. जुनी बातमी नवी म्हणून फिरते तेव्हा प्रत्येक वेळी कुणीतरी खोडसाळ असतोच असं नाही. पुष्कळदा तारीख आणि ठिकाण मजकुरात नसतंच. त्यामुळे पहिली सवय बदलायची ती ही: गावाचं नाव, तालुका, जिल्हा आणि पूर्ण तारीख पहिल्या दोन वाक्यांत.

मथळ्याचंही तेच. छापील मथळ्याला जागेचं बंधन असतं आणि शेजारच्या फोटोचा आधार असतो, म्हणून कोटी, यमक, अर्धवट म्हण खपून जाते. शोधयंत्राला कोटी कळत नाही. लोक जे शब्द टाइप करतात ते मथळ्यात असावे लागतात, आणि लोक काय टाइप करतील हे ओळखणं मराठीत जरा अवघडच. कुणी छत्रपती संभाजीनगर लिहितं, कुणी औरंगाबाद. कुणी धाराशिव, कुणी उस्मानाबाद. अहिल्यानगरचा वाचक तर नुसतं ‘नगर’ लिहून मोकळा होतो. ऱ्हस्व-दीर्घ ज्याचं त्याचं, आणि कितीतरी जण मराठी शब्द रोमन लिपीतच टाइप करतात. मथळ्यात अधिकृत नाव आणि मजकुरात एकदा जुनं नाव, एवढ्याने बरंच भागतं. मथळ्यात शोधशब्द कोंबून त्याची जंत्री करणं मात्र वाचकालाही नको असतं आणि गूगललाही.

ही सगळी कारकुनी वाटते, आणि आहेच. पण पान जी कारकुनी करत होतं ती आता कुणीतरी करायलाच हवी.

ब्लॉगमध्ये ‘मी’ कुठून आणायचा?

बातमीत ‘मी’ नसतो. ‘प्रस्तुत प्रतिनिधी’ असतो, ‘आमच्या प्रतिनिधीशी बोलताना’ असतं. ही शिस्त पत्रकाराच्या अंगात इतकी मुरलेली असते की ब्लॉग लिहायला बसलं की दोनच टोकं गाठली जातात. एक, बातमीच पुन्हा ब्लॉग म्हणून टाकायची. दोन, एकदम अग्रलेखाच्या आवाजात राज्यकर्त्यांना खडसावायचं. दोन्हींत वाचकाला नवं काही मिळत नाही.

मला वाटतं ब्लॉगची खरी जागा बातमीदाराच्या वहीत आहे. बाजार समितीच्या सभेला तीन तास बसून छापून येतो एक सिंगल कॉलम. बाकीचं वहीत राहतं: कोणता संचालक गप्प बसला, हा ठराव पूर्वी कधी आणि का फेटाळला होता, सचिवाने कोणत्या नियमाचा आधार घेतला. ब्लॉगला कॉलम सेंटिमीटरचं माप नाही, आणि ‘मी तिथे होतो, मला हे दिसलं, हे मला अजून कळलेलं नाही’ असं लिहायला मुभा आहे. मताइतकीच ही मुभाही मोलाची आहे.

दुसरी सोय आहे पुराव्याची. छापील बातमीत ‘शासन निर्णयानुसार’ म्हटलं की वाचकाने विश्वास ठेवायचा. ऑनलाइन त्या निर्णयाची लिंकच देता येते. राज्य सरकारच्या संकेतस्थळावर प्रत्येक शासन निर्णय त्याच्या सांकेतांकासह ठेवलेला असतो. ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर ग्रामपंचायतीचा जमाखर्च पाहता येतो. माहिती अधिकारात मिळालेलं उत्तर जसंच्या तसं, खासगी तपशील झाकून, खाली जोडता येतं. गावातल्या सिमेंट रस्त्याच्या खर्चाची नोंद आणि त्या रस्त्याचा आजचा फोटो शेजारी शेजारी ठेवायला मोठी डेटा टीम लागत नाही. तो रस्ता कुठे आहे हे माहीत असणारा माणूस लागतो, आणि तो मुंबईच्या डेस्कवर नसतो.

प्रेस नोटचा ग्रुप

बातमीदाराचा एक जुना आधार मात्र गेला आहे. आमदाराचं निवेदन, पोलिसांची कारवाई, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश हे सगळं आता व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकाच क्षणी सगळ्यांना मिळतं, आणि बहुतेक ठिकाणी शब्दही न बदलता लागतं. पुढारी स्वतःच्या पानावरून थेट लाइव्ह होतो. त्याला प्रसिद्धीसाठी बातमीदाराची तेवढी गरज उरलेली नाही. वाढदिवसाच्या पुरवणीची जाहिरात, जिच्यावर तालुका प्रतिनिधीचं वर्षाचं टार्गेट अवलंबून असायचं, तीही त्याच वाटेने आटत चालली आहे.

म्हणजे सगळ्यांकडे असलेली बातमी तुमच्याकडे दोन मिनिटं आधी असून उपयोग जवळजवळ शून्य. ग्रुपवर जे येत नाही तेच तुमचं. वेगाची शर्यत मोठ्या वेबसाइटनी खेळावी, त्यांच्याकडे तीन पाळ्यांत माणसं आहेत. तालुक्याच्या पत्रकाराने त्या शर्यतीत उतरणं मला सरळ तोट्याचा सौदा वाटतो.

मोजमाप आणि पैसा

इथे खरी गोम आहे. छापील अंकात कोणती बातमी किती जणांनी वाचली हे कुणालाच कळत नव्हतं. नगरपालिकेची सभा आणि सिनेमाची बातमी एकाच अंकात विकली जायची, अंक कशामुळे खपला ते झाकलेलं राहायचं. अंकाची किंमत कागदाचाही पूर्ण खर्च भागवत नसे. तो भागायचा जाहिरातीतून, सरकारी निविदांतून, जाहीर नोटिसांतून. सभेच्या बातमीचा खर्च असा न बोलता निघायचा.

डिजिटलमध्ये प्रत्येक बातमीचा आकडा वेगळा दिसतो. संपादकीय विभागातल्या पडद्यावर या घडीला कोणती बातमी किती जण पाहताहेत हे सतत हलत असतं, आणि जाहिरातीचे पैसे हजार वेळा दिसण्याच्या दराने मिळतात. मराठी मजकुरावरचा हा दर इंग्रजीपेक्षा सहसा कमी असतो. एका तालुक्याचे वाचक मुळात किती? त्या तालुक्याला अत्यंत महत्त्वाची असलेली बातमी आकड्यात नेहमी हरणार, आणि नटीच्या फोटोंची मालिका जिंकणार. डिजिटल डेस्कवर पाळीगणिक ठरावीक बातम्यांचं लक्ष्य असतं ते या गणितातून.

आकडे वाचायला शिकणं म्हणूनच गरजेचं आहे. पेज व्ह्यू म्हणजे पान उघडलं गेलं, वाचलं गेलं असं नव्हे. किती वेळ थांबले, किती जण पुन्हा आले, आलेल्यांतले किती आपल्याच जिल्ह्यातले, हे आकडे स्थानिक पत्रकाराच्या कामाचे. लासलगावच्या कांद्याचा भाव छापील अंकात कोपऱ्यातली चौकट असतो. पण रोज न चुकता, ठरलेल्या वेळेला आणि स्वच्छ तक्त्यात दिला तर तो पाहायला शेतकरी रोज येतो. धरणाचा साठा, पाण्याचं आवर्तन, भारनियमनाचं वेळापत्रक हेही त्याच जातीचं. पत्रकार या गोष्टींना कमी लेखतात. त्यात बायलाइन, म्हणजे बातमीवरचं स्वतःचं नाव, मिरवता येत नाही, हे कारण असावं.

वाचक कुठून येतो याकडेही लक्ष हवं, कारण तो रस्ता तुमच्या मालकीचा नसतो. फेसबुकने जानेवारी २०१८ मध्ये मित्र आणि नातेवाइकांच्या पोस्टना प्राधान्य द्यायचं ठरवलं आणि बातम्यांच्या पानांची पोच घसरली. मोबाइलवर न शोधताच बातम्या सुचवणाऱ्या गूगल डिस्कव्हरचा लोंढा एक दिवस येतो, दुसऱ्या दिवशी गायब. आता शोधयंत्र स्वतःच एआयने उत्तर तयार करून वर दाखवतं, वाचकाला लिंक उघडायचं कारणच उरत नाही. सप्टेंबर २०२३ पासून भारतात व्हॉट्सअॅप चॅनेल सुरू झाले, त्यांचा थेट पोचण्यासाठी उपयोग होतो. पण तीही भाड्याचीच जागा. यूट्यूबवर जाहिरातीतला वाटा हवा तर १,००० सदस्य आणि गेल्या १२ महिन्यांत ४,००० तास पाहिलं जाणं ही नेहमीची अट. एकट्या माणसाला ती गाठता येते. पण महिन्याचा घरखर्च त्यातून भागेल असं कुणी सांगत असेल तर त्याचा बँक खात्याचा उतारा मागावा.

त्यात एक अन्याय सगळीकडे दिसतो. बातमी, फोटो, व्हिडिओ आणि लाइव्ह हे सगळं आता तालुका प्रतिनिधी एकाच मोबाइलवरून करतो; मानधन मात्र अनेक ठिकाणी छापील बातमीच्या काळातलंच आहे.

चूक, अफवा आणि दुरुस्ती

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे मुलं पळवणारे समजून भटक्या समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. त्याआधी अशा टोळ्यांच्या अफवा मोबाइलवर फिरत होत्या. देशभर अशा घटना घडल्यावर त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली.

अफवा दुपारी गावात पोचते आणि छापील खुलासा दुसऱ्या दिवशी सकाळी. मधल्या तासांत काही करू शकतो तो त्या भागातला, लोकांना नावाने ठाऊक असलेला पत्रकार. पोलीस ठाण्याला फोन लावायचा, व्हिडिओतली दृश्यं वेगळी काढून उलट शोधाने, म्हणजे शोधयंत्राला शब्दांऐवजी ते चित्रच देऊन, मूळ कुठलं ते पाहायचं, पाटीवरची लिपी आणि गाडीचा नंबर कोणत्या राज्यातला ते बघायचं, आणि अफवा ज्या ग्रुपवर फिरतेय तिथेच, त्याच बोलीत, छोटा खुलासा टाकायचा. लांबलचक तथ्यतपासणीचा लेख तिथे कुणी वाचत नाही. खुलाशात मूळ व्हिडिओ पुन्हा जोडू नये, नाहीतर पुढे व्हिडिओच जातो आणि खुलासा मागे राहतो.

स्वतःची चूक झाली तर गुपचूप बदलायचा मोह डिजिटलमध्ये फार असतो, कारण बदलणं सोपं आहे. पण स्क्रीनशॉट निघालेला असतो. काय चुकलं होतं, कधी दुरुस्त केलं हे बातमीखाली एका ओळीत लिहिलं की वाद तिथेच थांबतो. चालू घटनेत ‘सायंकाळी ६ वाजता अद्ययावत’ असं लिहून नवी माहिती वर घ्यावी; तुकड्या-तुकड्यांच्या सात वेगळ्या बातम्या टाकल्या तर त्यातली सगळ्यात जुनी आणि चुकीची हमखास फिरत राहते.

कायद्याची बाजू

छापील अंकाच्या तळाशी मालक, मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावं असतात. स्वतःचा ब्लॉग काढला की ही चारही नावं तुमचीच. ‘प्रसिद्ध झालेल्या मजकुराशी संपादक सहमत असतीलच असे नाही’ ही आपल्याकडची आवडती ओळ तिथे काही वाचवत नाही.

१८६७ च्या जुन्या कायद्याची जागा घेणारा नियतकालिक नोंदणीचा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला, पण त्यातली नोंदणी छापील नियतकालिकांची आहे. पोर्टलला ‘नोंदणीकृत वृत्तपत्र’ म्हणवून घेता येत नाही. डिजिटल बातम्यांसाठी केंद्राने फेब्रुवारी २०२१ मध्ये नियम आणले. त्यातल्या आचारसंहितेच्या सक्तीला आणि तीन पातळ्यांच्या तक्रार यंत्रणेला, म्हणजे नियम ९ च्या पहिल्या आणि तिसऱ्या उपनियमाला, मुंबई उच्च न्यायालयाने १४ ऑगस्ट २०२१ रोजी स्थगिती दिली. न्यायालयात गेलेल्यांत पत्रकार निखिल वागळे होते. मात्र बदनामीचं कलम (भारतीय न्याय संहिता, ३५६), लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड न करण्याचं बंधन (कलम ७२) आणि पॉक्सो या बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचं कलम २३ ही छापील पानाइतकीच मोबाइलच्या पडद्यालाही लागू आहेत. गावाचं, शाळेचं आणि वडिलांच्या व्यवसायाचं नाव एकत्र दिलं तर मुलीचं नाव न लिहिताही ओळख फुटते. लहान गावात हा धोका शहरापेक्षा कितीतरी मोठा, कारण तिथे सगळे सगळ्यांना ओळखतात.

जुनं काम कुठे जातं?

याबद्दल पत्रकारांत बोललंच जात नाही. छापील अंकाचे गठ्ठे निदान ग्रंथालयात असतात. वेबसाइटची नवी रचना झाली की जुन्या लिंक मरतात, जुन्या फॉन्टमधल्या बातम्या तर आज असूनही वाचता येत नाहीत, आणि नोकरी सुटली की दैनिकाच्या ब्लॉग विभागातलं तुमचं पान राहील की जाईल ते तुमच्या हातात नसतं. प्रत्येक महत्त्वाच्या बातमीची प्रत युनिकोडमध्ये स्वतःकडे ठेवावी, तारखेसह. प्रसिद्ध झालेलं पान इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर साठवायला एखादं मिनिट लागतं आणि पैसे लागत नाहीत. मालकी कुणाची, दुसरीकडे पुन्हा वापरता येईल का, हे रुजू होतानाच लेखी विचारून घ्यावं. करारात याबद्दल ओळ नसेल तर ती घालायला सांगावी.